मामाची विडी आणि पंधरावं गुणसूत्र

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात माझं एक वाक्य होतं: "स्किझोफ्रेनिया आणि तंबाखूचं व्यसन यांची जनुकं समान असल्यामुळे हे दोन्ही एकाच व्यक्तीत दिसतात." सरांनी लाल पेनाने 'असल्यामुळे' या एकाच शब्दाभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "कशावरून?" बाकीची अकरा पानं त्यांनी बहुतेक वाचलीच नसावीत. त्या गोलापायी माझे चार महिने गेले. तुम्ही पेट दिली असेल किंवा देणार असाल, तर असा गोल तुमच्याही वाट्याला येणारच आहे. म्हणून त्या चार महिन्यांत काय वाचलं ते जरा सविस्तर लिहिते.

हा विषय मी निवडला त्याला कारण घरातलंच आहे. माझ्या मामाला गेली वीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आणि त्याला दिवसाला विडीचं एक बंडल लागतं. यावर घरात तीन मतं आहेत. मामी म्हणते, "विडीनेच डोकं फिरलं यांचं." आजी म्हणते, "बिचाऱ्याला तेवढाच तर आधार आहे, ओढू दे." आणि माझी आई म्हणते, "रक्तातच आहे ते, दोन्ही." लिटरेचर रिव्ह्यू करताना लक्षात आलं की या विषयावरचे शेकडो पेपर शेवटी या तिघींपैकी कोणाच्या तरी बाजूचे आहेत. मामीचं मत म्हणजे व्यसनातून आजार. आजीचं मत म्हणजे आजारातून व्यसन. याला 'सेल्फ-मेडिकेशन हायपोथेसिस' म्हणतात, आणि एडवर्ड खांत्झियन यांनी ते १९८५ मध्ये हेरॉइन आणि कोकेनच्या संदर्भात नीट मांडलं. आईचं मत म्हणजे समान जनुकं. मी पुरावा न पाहता आईची बाजू घेतली होती.

दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात यात वाद नाही. होसे द लिऑन आणि फ्रान्सिस्को डियाझ यांनी २००५ मध्ये २० देशांतल्या ४२ अभ्यासांची गोळाबेरीज केली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपान करणारे सुमारे ६२ टक्के निघाले, आणि ऑड्स रेशो जवळजवळ ६ आला. हे वाचून मला वाटलं, एवढा ठाम संबंध म्हणजे नक्कीच जीवशास्त्र. मग चेन्नईच्या स्कार्फ संस्थेतल्या थारा आणि श्रीनिवासन यांचा २००२ चा पेपर हाती लागला. त्यांनी पाहिलेल्या पुरुष रुग्णांत ओढणारे फक्त ३८ टक्के होते. पेपरच्या शीर्षकातच त्यांनी म्हटलंय की सगळंच काही जैविक नाही. आपल्याकडे रुग्ण बहुधा कुटुंबात राहतो, पैसे दुसऱ्याच्या हातात असतात, विडी मागून घ्यावी लागते. माझ्या मामाचं बंडलही मामीच आणून देते, कुरकुर करत. जनुकं तीच राहिली तरी पाकीट कोणाच्या खिशात आहे यावर आकडा बदलतो. हा छोटासा पेपर फारसा कोणी उद्धृत करत नाही, पण भारतात या विषयावर काम करणाऱ्याने तो पहिल्या आठवड्यातच वाचावा असं माझं मत आहे.

आता आईच्या बाजूकडे येऊ. 'समान जनुकं' या युक्तिवादाचा इतिहास जरा काळा आहे, आणि तो माहीत नसेल तर आपणही त्याच खड्ड्यात पडतो.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या माहितीवरून सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. त्याला विरोध करणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव होतं आर. ए. फिशर यांचं. हो, तेच, अनोव्हावाले. महालनोबिस यांच्या आमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अनेकदा येऊन गेलेले. फिशर यांनी १९५८ मध्ये 'नेचर'मध्ये पत्रं लिहून विचारलं की ज्या जनुकांमुळे माणूस सिगारेट ओढतो, त्याच जनुकांमुळे त्याला कॅन्सर होत असेल तर? त्यांनी जुळ्यांचा दाखलाही दिला: एकसारख्या जुळ्यांच्या ओढण्याच्या सवयी जास्त जुळतात. ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते, हे जाता जाता.

फिशर चुकले हे आपल्याला माहीत आहे. पण ते चुकीचे आहेत हे कसं दाखवलं, ते जास्त शिकण्यासारखं आहे. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला. ओढणाऱ्यांना कॅन्सरचा धोका नऊपट असेल आणि सिगारेट निर्दोष असेल, तर ते गुप्त जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवं. त्यापेक्षा कमी असेल तर नऊपट धोका भरूनच निघत नाही. म्हणजे "कदाचित तिसरंच काही कारण असेल" एवढं म्हणून भागत नाही, ते कारण किती मोठं असायला हवं तेही सांगावं लागतं. व्हायव्हामध्ये कोणी "पण कन्फाउंडर असू शकतो ना?" असं विचारलं, तर घाबरायच्या आधी हा हिशोब करून बघा.

गंमत पुढेच आहे. फिशर यांचं जनुक पन्नास वर्षांनी खरंच सापडलं. २००८ मध्ये एकाच महिन्यात तीन गटांनी पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्याचा पत्ता १५क्यू२५. हे सगळे जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी होते. (संक्षेप 'जीवास'. लाखो लोकांच्या जनुकांतले लाखो बारीक फरक एकेक करून तपासायचे आणि कोणता फरक रुग्णांत जास्त दिसतो ते पाहायचं. डेटा साफ करायला बसलात की जिवाला घोर लागतो, तेव्हा नाव योग्यच आहे.) एका गटाला हा पट्टा निकोटिनच्या अवलंबित्वाशी आणि कॅन्सरशीही जोडलेला दिसला, बाकीच्यांना कॅन्सरशी.

तिथे निकोटिन रिसेप्टरचे भाग बनवणारी तीन जनुकं शेजारी-शेजारी आहेत. त्यातल्या सीएचआरएनए५ मध्ये एक फरक असतो: प्रथिनातल्या ३९८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिडऐवजी अ‍ॅस्पॅराजिन येतं आणि रिसेप्टर थोडा मंद होतो. मला वाटायचं की 'व्यसनाचं जनुक' म्हणजे ओढ वाढवणारं असणार. तसं नाही. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हे जनुक काढून टाकलं तर उंदीर निकोटिनचा मोठा डोसही घेत राहतात, कारण जास्त निकोटिनने होणारी मळमळ, नकोसेपणा त्यांना जाणवत नाही. मेंदूतल्या हॅबेन्यूला नावाच्या छोट्याशा भागातून "आता बस" असा जो संदेश जातो, तोच पोहोचत नाही. थोडक्यात, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला गेलेला नसतो, ब्रेक सैल झालेला असतो.

आणि या फरकाचा परिणाम किती? ओढणाऱ्यांमध्ये एका प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त. बस. जीनोममधल्या धूम्रपानाशी जोडलेल्या सर्वांत ठळक खुणांपैकी ही एक आहे, आणि तिची ताकद एवढीच! कॉर्नफील्ड यांच्या नऊपटीच्या ती आसपासही जात नाही. शिवाय ज्यांनी आयुष्यात कधी ओढलंच नाही त्यांच्यात हा फरक असूनही कॅन्सरचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणजे जनुक आहे, कॅन्सरशी संबंधही आहे, पण रस्ता सिगारेटमधूनच जातो.

इथपर्यंत समजलं असेल तर माझ्या सिनॉप्सिसचा खरा पेच आता कळेल. २०१४ मध्ये सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियमने स्किझोफ्रेनियाचा मोठा जीवास छापला: ३६,९८९ रुग्ण, १,१३,०७५ नियंत्रण गटातले लोक, १०८ जागा. (२०२२ पर्यंत हा आकडा २८७ जागांवर गेला.) त्या १०८ मध्ये आपलं १५क्यू२५ होतं.

मी उड्या मारल्या होत्या. समान जनुक सापडलं! पण थांबा. रुग्णांमध्ये ओढणारे जास्त असतात हे आपण वर पाहिलं. मग रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करताना आपण नकळत जास्त ओढणारे आणि कमी ओढणारे यांचीही तुलना करत असतो. म्हणजे धूम्रपानाचं जनुक स्किझोफ्रेनियाच्या यादीत निव्वळ पाहुणं म्हणून आलेलं असू शकतं. किंवा मामीचं खरं असेल आणि जास्त निकोटिनने धोका वाढत असेल. किंवा आईचं खरं असेल आणि तो मंद रिसेप्टर दोन्हीकडे स्वतंत्रपणे काम करत असेल. तिन्हींमध्ये जीवासचा आलेख अगदी सारखाच दिसेल. कॅन्सरसारखं 'कधीच न ओढणारे' वेगळे काढून पाहता आलं असतं, पण अशा मोठ्या संकलनात प्रत्येक रुग्णाच्या ओढण्याची नोंद बहुधा नसते. तीस-चाळीस ठिकाणचा डेटा एकत्र करताना तो रकाना कोणी भरलेलाच नसतो. सरांचा "कशावरून?" नेमका इथे लागू होत होता.

मग लोक काय करतात? एक मार्ग जेनेटिक कोरिलेशनचा. एका आजाराच्या जीवासमध्ये प्रत्येक जनुकीय फरकाचा कल किती आणि कुठल्या बाजूला आहे ते घ्यायचं, दुसऱ्या आजाराचंही घ्यायचं, आणि हे कल संपूर्ण जीनोमभर किती जुळतात ते मोजायचं. २०१८ मध्ये गांजा कधीतरी ओढलेला असणं यावर १,८४,७६५ लोकांचा अभ्यास आला. स्किझोफ्रेनियाशी त्याचं जेनेटिक कोरिलेशन ०.२५ निघालं. याचा अर्थ "पंचवीस टक्के जनुकं समान" असा अजिबात नाही. हे वाक्य मी चांगल्या-चांगल्या सेमिनारमध्ये ऐकलंय. जवळजवळ सगळ्या जागा समान असूनही निम्म्या ठिकाणी कल उलट असेल तर उत्तर शून्य येतं. स्किझोफ्रेनिया आणि शिक्षणाची वर्षं यांच्यात साधारण असंच आहे, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

दुसरा मार्ग मेंडेलियन रँडमायझेशनचा. जनुकं जन्माच्या वेळी वाटली जातात, त्यामुळे त्यांना नैसर्गिक चिठ्ठ्या समजून "कोणामुळे कोण" ते शोधायचं. ऐकायला फारच छान वाटतं. त्याच २०१८ मध्ये गांजा आणि स्किझोफ्रेनियावर या पद्धतीने दोन पेपर आले. एकाचा निष्कर्ष असा की स्किझोफ्रेनियाची जनुकीय शक्यता माणसाला गांजाकडे नेते (आजी), दुसऱ्याचा असा की गांजा स्किझोफ्रेनियाकडे नेतो (मामी). पद्धत एकच आणि निष्कर्ष उलटे! मला यात लबाडी दिसत नाही. अडचण मोजमापाची आहे. 'कधीतरी गांजा ओढला' या रकान्यात कॉलेजच्या ट्रिपमध्ये एकदा झुरका घेऊन खोकत बसलेला मुलगाही येतो आणि रोज सकाळी ओढल्याशिवाय उठता न येणाराही. २०२० मध्ये गांजाच्या व्यसनाचा, म्हणजे फक्त वापराचा नव्हे, मोठा जीवास आला तेव्हा दिसलं की 'एकदा वापरणं' जनुकीयदृष्ट्या जास्त शिक्षणाशी जुळतं आणि 'व्यसन असणं' कमी शिक्षणाशी. एकाच पदार्थाची ही दोन मापं वेगवेगळ्या दिशांना खेचतात. दारूच्या बाबतीतही किती पिता आणि व्यसन आहे का या दोन्हींचे जनुकीय संबंध असेच वेगळे निघाले आहेत. तुमच्या प्रश्नावलीत "तुम्ही कधी घेतली आहे का?" एवढाच एक प्रश्न असेल तर नंतरची कुठलीही पद्धत तुम्हाला वाचवणार नाही.

मामीच्या बाजूचा एक चांगला पेपर सांगायलाच हवा. केनेथ केंडलर यांच्या गटाने २०१५ मध्ये स्वीडनच्या नोंदी वापरून ओढणारे आणि न ओढणारे नातेवाईक यांची तुलना केली. भावंडांची बरीच जनुकं आणि घर एकच असतं. 'रक्तातलं' सगळं कारण असेल तर जवळच्या नात्यात ओढणाऱ्या-न ओढणाऱ्यातला फरक जवळजवळ पुसला जायला हवा. तो थोडाच कमी झाला. आणि हेच केंडलर १९९३ मध्ये स्त्री जुळ्यांवरून धूम्रपान आणि नैराश्य यांच्याबाबत 'समान कौटुंबिक कारणं' या निष्कर्षाला आले होते, म्हणजे आईच्या बाजूने. आजार बदलला की उत्तरही बदलू शकतं. 'मानसिक आजार आणि व्यसन' असा एकच गठ्ठा बांधून लिहिलेल्या सिनॉप्सिसबद्दल म्हणूनच मला आता शंका येते.

अजून एक अडचण, जी वाचून मला आपल्याकडचे लग्नाचे बायोडेटा आठवले. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका पेपरने दाखवलं की जोडीदार निवडताना एक गुण असलेले लोक दुसरा गुण असलेल्यांशी लग्न करत असतील, तर कुठलंही समान जीवशास्त्र नसतानाही पुढच्या पिढ्यांत जेनेटिक कोरिलेशन फुगतं. आपल्याकडे "घरात काही आहे का" हे विचारून, लपवून, तडजोड करून लग्नं जमतात. त्याचा या आकड्यांवर काय परिणाम होत असेल? कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

जुन्या 'कँडिडेट जीन' पेपरांपासून मात्र सावध राहा. १९९० मध्ये डोपामिन रिसेप्टर डीआरडी२ जवळचा एक फरक 'दारूच्या व्यसनाचं जनुक' म्हणून गाजला, त्याच वर्षी दुसऱ्या गटाला तो सापडला नाही, आणि पुढे कळलं की तो फरक मुळात शेजारच्या वेगळ्याच जनुकात आहे. इंटरनेटवर अजूनही त्याच्या टेस्ट विकतात. मौज अशी की डीआरडी२ चा परिसर २०१४ च्या स्किझोफ्रेनियाच्या यादीत आणि २०२३ च्या सर्व व्यसनांच्या एकत्रित अभ्यासातही ठळकपणे आला. पण या वेळी तो लाखो लोकांच्या डेटातून आला आणि त्याचा परिणाम अगदी बारीक आहे.

आणि हे लाखो लोक कोण? २०१९ च्या एका आढाव्यानुसार जीवासमधले सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यावरून बनवलेले पॉलिजेनिक स्कोअर दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ३७ टक्के कमी अचूक ठरत होते. इकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तंबाखू धरून व्यसनाधीनतेचं प्रमाण प्रौढांत २२.४ टक्के निघालं होतं. बेंगळुरूला निम्हान्स आणि एनसीबीएस मिळून, एकाच कुटुंबात अनेकांना मानसिक आजार किंवा व्यसन आहे अशा घरांचा अभ्यास करत आहेत. सी-वेदा हा भारत-ब्रिटन प्रकल्प मुलं आणि तरुणांचा मागोवा घेतो. त्यांचे पेपर जरूर वाचा.

हे सगळं वाचत असतानाच मामेभावाचा फोन आला. तो एकोणीस वर्षांचा आहे. "ताई, तू जेनेटिक्समध्येच आहेस ना? मग मला सांग, बाबांचं माझ्यात येणार का?" सिनॉप्सिसमधलं वाक्य त्याच्या तोंडावर वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नसती. मी त्याला सांगितलं ते असं: आई-वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक, म्हणजे दहातल्या नऊ जणांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असताना दुसऱ्याला तो निम्म्यापेक्षा जास्त वेळा होत नाही. कुठल्याही लाळेच्या टेस्टवर पैसे घालू नकोस. पण गांजापासून मात्र लांब राहा. १९८७ चा स्वीडनच्या सैनिक भरतीतल्या तरुणांचा अभ्यास आहे, त्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. त्यातलं किती मामीचं, किती आजीचं आणि किती आईचं हे मला अजून सांगता येत नाही. पण तुझ्यासाठी तिन्हींचा सल्ला एकच निघतो.

तो म्हणाला, "मग बाबांची विडी पण आजपासून बंद करतो." मी म्हटलं, थांब, आधी डॉक्टरांना फोन कर. मामाला क्लोझापिन चालू आहे. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात काम करतं आणि औषध लवकर फोडतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. विडी अचानक सुटली की तोच डोस रक्तात चढतो. सारखी गुंगी, जास्त चढला तर झटकेसुद्धा. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे, त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याला असं होत नाही. विडी सोडवायचीच, पण रक्ताची तपासणी आणि डोस सांभाळत.

डॉक्टरांनी तारीख ठरवून दिली आहे. तोपर्यंत मामेभावाने फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: रोज एक बंडल, २५ विड्या.